विमान का तुटतं हे त्याने आधी कादंबरीत लिहिलं, मग तेच खरं ठरलं

१९४८ साली इंग्लंडमध्ये ‘नो हायवे’ नावाची कादंबरी आली. तिचा नायक थिओडोर हनी म्हणजे फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रातला एक गबाळा शास्त्रज्ञ. ‘रेनडिअर’ हे नवं प्रवासी विमान १,४४० तास उडालं की त्याची शेपटी तुटणार, असं त्याचं गणित सांगतं. कारण धातूचा थकवा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते ना, तसंच. पण साहेब लोकांना पुरावा हवा असतो. शेवटी हनी धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाची चाकंच आत ओढून घेतो आणि विमान पोटावर बसतं. आता ते उडणार कसं?

हे लिहिणारा नेव्हिल शूट स्वतः विमान इंजिनिअर होता.

पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे, जन्म १७ जानेवारी १८९९, लंडनजवळ ईलिंगचा. बोलताना अडखळायचा. ऑक्सफर्डला शिकला, डी हॅविलँड कंपनीत लागला आणि १९२४ मध्ये व्हिकर्समध्ये गेला. तिथे आर १०० हे हवाई जहाज बनत होतं आणि शूटचं पद होतं ‘चीफ कॅल्क्युलेटर’. तेव्हा कॅल्क्युलेटर म्हणजे हाताने आकडेमोड करणारी माणसं! दिवसा गणितं, रात्री कादंबऱ्या. लेखक म्हणून त्याने आडनाव गाळलं, कारण कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंजिनिअरला नोकरीत कुणी गंभीरपणे घेणार नाही अशी त्याला भीती होती.

त्याच काळात सरकार स्वतःचं आर १०१ बांधत होतं. १९३० च्या उन्हाळ्यात आर १०० कॅनडाला जाऊन सुखरूप परतलं, शूटही त्यात होता. आता आर १०१ ला भारतात, म्हणजे तेव्हाच्या अखंड भारतातल्या कराचीला, जायचं होतं. हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांना घाई होती. चाचण्या अपुऱ्या राहिल्या, उड्डाणाचा परवाना ऐनवेळी हातात पडला. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ जहाज कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात थॉमसनही. मग सरकारने धडधाकट आर १०० सुद्धा भंगारात काढलं.

शूटने आत्मचरित्रात याचं खापर अधिकाऱ्यांवर फोडलं. तो प्रतिस्पर्धी टीममधला होता, त्यामुळे त्याची बाजू थोडी एकांगी आहे. पण हनीचं न ऐकणारे साहेब कुठून आले असतील, याचा अंदाज येतो.

कादंबरीनंतर चार वर्षांनी, २ मे १९५२ ला, ‘कॉमेट’ या जेट विमानाची प्रवासी सेवा सुरू झाली. बनवणारी कंपनी डी हॅविलँड, म्हणजे शूटची जुनी कंपनी. बरोबर एका वर्षाने कलकत्त्याजवळ एक कॉमेट हवेत तुटलं, ४३ जण दगावले. दोष वादळाला दिला गेला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट इटलीजवळ समुद्रात पडली.

तपास आला फार्नबरोकडेच. कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा पत्रा फाटला. धातूचा थकवा! कादंबरीत शेपटी तुटते, इथे केबिन फाटली होती. त्यामुळे याला भविष्यवाणी म्हणणं जरा जास्तच. धातू थकतो हे इंजिनिअर लोकांना आधीपासून माहीत होतं, शूटने ते सामान्य वाचकापर्यंत नेलं.

१९५० मध्ये तो ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आणि १२ जानेवारी १९६० ला मेलबर्नमध्ये वारला. त्याची कागदपत्रं कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.