धावपट्टीवरचा कॅप्टन

जगातला सर्वांत भीषण विमान अपघात आकाशात नाही, धावपट्टीवर झालाय, हे मला सेकंड इयरला कळलं. तेव्हापासून त्यातला कॅप्टन याकोब व्हान झांटेन डोक्यातून जात नाही.

१९२७ साली जन्मलेला हा डच माणूस साधासुधा पायलट नव्हता. केएलएममध्ये जंबो जेट चालवायला इतरांना तोच शिकवायचा; कंपनीच्या जाहिरातीतही त्याचाच फोटो.

२७ मार्च १९७७ ला ग्रॅन कनारिया विमानतळावर बॉम्ब फुटला आणि विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावर वळवली गेली. तिथला टॅक्सी-वे उभ्या विमानांनी भरून गेला. नवरात्रात आमच्या टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीने रस्ता भरतो ना, तसाच. मग चक्क धावपट्टीवरूनच टॅक्सी करायची! झांटेन टोकाला जाऊन वळून उभा राहिला. समोरून त्याच पट्टीवर पॅन अ‍ॅमचं जंबो येत होतं. दाट धुकं. ड्यूटीचे तास संपत आलेले. टॉवरने मार्गाची परवानगी दिली होती, उड्डाणाची नाही. तरी तो निघाला. पॅन अ‍ॅम बाजूला झालंय का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली (शेवटी इंजिनिअरच!), पण एवढ्या मोठ्या साहेबापुढे रेटली नाही. व्हायव्हात आपणही असेच गप्प बसतो. ५८३ माणसं गेली, झांटेनसकट.

आता टॉवर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतो. कॅप्टनला टोकायचं ट्रेनिंगही ज्युनिअरला मिळतं.

मुंबईतही ९ फेब्रुवारी २००९ ला राष्ट्रपतींच्या ताफ्यातलं हेलिकॉप्टर धावपट्टीवर आलं, तेव्हा एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत होतं. पायलटने करकचून ब्रेक मारले. सगळे वाचले.