गोष्टी सांगणाऱ्या आजीचा नातू

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षी मी एखादी पाककृती लिहून देते. यंदाही नारळाच्या वड्यांवर भागवले असते; पण गेल्या उन्हाळ्यात घरी एक गोष्ट घडली. ती मनातून जाईना, म्हणून हे धाडस करीत आहे. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आमच्या सासूबाईंना घरात सगळे माई म्हणतात. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. माझ्या धाकट्या मुलीला रात्री गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. अलीकडे मात्र त्या मध्येच विसरतात. चिमणीच्या घरातून निघतात आणि भोपळ्यात बसलेल्या म्हातारीपाशी पोचतात. मुलगी हसते, आणि मी स्वयंपाकघरातून म्हणते, माई, आता पुरे, तिला अभ्यास आहे. असे मी कितीदा तरी म्हटले असेल.

मुलीने शाळेच्या वाचनालयातून परीकथांचे एक पुस्तक आणले. त्यातली काड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट तिने एका दुपारी माईंना वाचून दाखवली. सकाळी काय जेवलो हे ज्यांना आठवत नाही, त्या माई पुढचे चार दिवस त्या पोरीची चौकशी करीत होत्या. तेव्हा मला वाटले, हा लिहिणारा आहे तरी कोण? शाळेच्या बाईंनी त्याचे चरित्र मिळवून दिले. दुपारची भांडी आवरल्यावर थोडे थोडे करून ते मी वाचले.

हान्स क्रिश्चन अँडरसन यांचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी झाला. वडील चांभारकाम करीत. आई लोकांचे कपडे धूत असे. घर म्हणजे एकच खोली. तिच्यातच जोडे शिवायची जागा आणि तिच्यातच निजणे. आईची बाग म्हणजे छपराच्या पन्हळीजवळ ठेवलेली मातीची एक पेटी. तिच्यात ती भाजीपाला लावी. आपल्याकडे चाळीच्या खिडकीत डब्यातली तुळस असते ना, तसेच म्हणा.

आईला लिहिता-वाचता येत नव्हते. लहानपणी तिला घरच्यांनी भीक मागायला पाठवले होते. तिला हात पसरवेना, म्हणून ती दिवसभर पुलाखाली बसून रडली. ही हकीकत तिने मुलाला सांगितली, आणि ती त्याच्या काळजात राहिली. वडील गरीब असले तरी वाचनाचे वेडे. रात्री ते हान्सला अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी वाचून दाखवीत.

पण मला सर्वांत आवडली ती त्याची आजी, वडिलांची आई. स्वभावाने शांत, डोळे निळे आणि मायाळू. गावात वेड्यांचे इस्पितळ होते, तेथील बागेची राखण ती करी. दर शनिवारी संध्याकाळी ती मुलाच्या घरी फुले घेऊन येई, आणि ती पाण्यात ठेवण्याचे काम हान्सचे. वर्षातून दोनदा बागेतला पालापाचोळा जाळत, तेव्हा तो आजीबरोबर जाई आणि पानांच्या ढिगावर लोळे.

बागेजवळच्या एका खोलीत गरीब म्हाताऱ्या बायका सूत कातीत बसत. हान्स तेथे जाऊन बसे. दारावर खडूने माणसाच्या पोटातील अवयव काढून दाखवी आणि मोठ्या पंडिताच्या थाटात समजावून सांगे. बायका थक्क होत. इतके हुशार पोर फार दिवस जगायचे नाही, असे म्हणत आणि बक्षीस म्हणून गोष्टी सांगत. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून अंधार पडल्यावर घराबाहेर पडायची त्याची छाती होत नसे. पुढे जगभर गेलेल्या परीकथांचे पहिले धागे या चात्यांवरच कातले गेले.

आजी आणखी एक गोष्ट सांगे. आपली आजी जर्मनीतील मोठ्या सरदार घराण्यातली होती, असे ती म्हणे. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तर त्यात काही तथ्य आढळले नाही. पण गरिबीत दिवस काढणाऱ्या बाईने नातवाला एवढे मोठेपण तरी द्यावे, यात मला तिचा दोष दिसत नाही.

आजोबांच्या डोक्यावर परिणाम झालेला होता. ते लाकडाच्या चमत्कारिक मूर्ती कोरीत. माणसाचे धड आणि जनावराचे तोंड, पंख फुटलेले प्राणी. त्या टोपलीत घालून ते खेडोपाडी वाटीत. एकदा रस्त्यात पोरे त्यांच्या मागे ओरडत लागली, तेव्हा हान्स भीतीने जिन्याखाली लपला. आपण याच माणसाच्या रक्तामांसाचे आहोत, ही धास्ती त्याला जन्मभर होती. हे वाचताना मला माईंची आठवण झाली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

नेपोलियनच्या लढायांच्या काळात हान्सचे वडील पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागी सैन्यात गेले. परतले ते प्रकृती गमावून, आणि १८१६ साली वारले. दोन वर्षांनी आईने दुसरे लग्न केले. मुलाने शिंपीकाम शिकावे, अशी तिची इच्छा. त्याच्या मनात मात्र नाटकगृह. शेवटी आईने एका भविष्य सांगणाऱ्या बाईला बोलावले. तिने पत्ते मांडले, कॉफीचा गाळ पाहिला आणि सांगितले, की या मुलासाठी एक दिवस सारे ओडेन्स गाव दिव्यांनी उजळेल. मग आईने परवानगी दिली.

सप्टेंबर १८१९ मध्ये चौदा वर्षांचा हान्स कोपनहेगन या राजधानीकडे निघाला. आई वेशीपर्यंत आली. तेथे म्हातारी आजी आधीच येऊन उभी होती. तिने नातवाच्या गळ्याला मिठी मारली आणि ती रडली. एक शब्दही तिला बोलता आला नाही. एवढ्या गोष्टी सांगणारी आजी, आणि निरोपाच्या वेळी मुकी! तीच त्यांची शेवटची भेट. पुढे ती वारली. गोरगरिबांच्या दफनभूमीत तिला कोठे पुरले, हेही नातवाला कधी कळले नाही.

राजधानीत त्याने फार हाल सोसले. गाणे, नाच, नाटक, सगळीकडे खटपट करून पाहिली. आवाज फुटला तेव्हा गाण्याची आशाही गेली. अखेर योनास कोलिन या सद्गृहस्थांच्या प्रयत्नाने राजाकडून मदत मिळाली, आणि सतरा वर्षांचा हा उंच मुलगा लहान पोरांच्या वर्गात जाऊन बसला. तेथील मुख्याध्यापक त्याला टोचून बोलत. १८२८ मध्ये तो परीक्षा उत्तीर्ण झाला.

१८३५ च्या मे महिन्यात अँडरसन यांच्या परीकथांचे पहिले छोटे पुस्तक निघाले. त्यांनी एकंदर दीडशेहून अधिक कथा लिहिल्या. बदकाचे कुरूप पिल्लू आणि राजाचे नवे कपडे आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. पण या कथांतून ओडेन्सची ती आजी किती ठिकाणी भेटते, ते पाहा.

१८३७ च्या जलपरीच्या कथेत समुद्राच्या राजाची म्हातारी आई नातींचा सांभाळ करते आणि त्यांना वरच्या जगाच्या गोष्टी सांगते. तिला घराण्याचा भारी अभिमान. इतर खानदानी बायका शेपटीवर सहा कालवे मिरवीत, तर ही बारा! १८४४ च्या हिमराणीच्या कथेत आजी नातवंडांना बर्फाचे कण म्हणजे पांढऱ्या मधमाश्या आहेत असे सांगते. मुलगी हरवलेल्या सोबत्याला शोधत साऱ्या जगातून फिरून येते, तेव्हा आजी उन्हात बसलेली असते. तेथे मुलांच्या घराच्या छपराजवळ जी बाग आहे, ती आईच्या त्या पेटीतली, असे अँडरसन यांनी स्वतः सांगितले आहे.

काड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट १८४५ ची. वार्षिक दिनदर्शिका काढणाऱ्या एका प्रकाशकाने पाठवलेल्या चित्रावरून ती लिहिली. वर्षाची शेवटची रात्र, अंगावर धड कपडा नाही, काड्या खपल्या नाहीत म्हणून घरी बाप मारील ही भीती. मुलगी ऊब मिळावी म्हणून एकेक काडी ओढते. एका उजेडात तिला वारलेली आजी दिसते. जगात तिच्यावर माया केलेली तीच एक. आजी जाऊ नये म्हणून पोर उरलेल्या साऱ्या काड्या एकदम पेटवते. हे वाचताना मला पुलाखाली रडणारी त्यांची आई दिसली आणि वेशीवरची आजीही.

आईचा शेवट चांगला झाला नाही. थंड पाण्यात उभे राहून कपडे धुताना ऊब यावी म्हणून ती मद्य घेई, आणि त्याचे व्यसन जडले. १८३३ मध्ये ती गरिबांच्या आश्रयगृहात वारली. मुलगा तेव्हा परदेशात होता. पुढे त्यांनी अशाच एका धोबिणीची कथा लिहिली. गाव तिला कुचकामी म्हणते, आणि कथा तिची बाजू घेते. मुलाला आईपाशी राहता आले नाही, पण तिची अब्रू त्याने राखली.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने अँडरसन यांना मानाचे नागरिकत्व दिले. रात्री गाव दिव्यांनी उजळले. भविष्य खरे झाले. त्या दिवशी त्यांची दाढ भयंकर दुखत होती. आई नव्हती, आजी नव्हती. त्यांनी लग्न केले नाही. ४ ऑगस्ट १८७५ रोजी कोपनहेगनजवळ एका स्नेह्यांच्या घरी ते वारले. १९६७ पासून त्यांचा जन्मदिवस जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळतात.

ज्या आजीच्या कबरीचा पत्ता नाही, ती अशी गोष्टींतून सगळ्या जगात गेली. आमच्या माईंच्या गोष्टी कोण लिहिणार? मुलीने एक वही केली आहे. माई सांगतात, ती लिहिते. चिमणीच्या घरात म्हातारी आली, तर तसेच लिहायचे, असे आमचे ठरले आहे. मीही आता पुरे म्हणत नाही. कणीक मळता मळता ऐकते.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडून एक गोष्ट लिहून आणावी. अक्षर कसेही असो. पुढील स्मरणिकेत माझी पाककृती नसली तरी चालेल, त्या जागी त्या गोष्टी याव्यात.