एका पुस्तकाचा पत्ता : डॉ. एस. आर. रंगनाथन

मित्रांनो, आधी एक कबुली देऊन टाकते. फर्स्ट इयरला असताना मी एम-वनचं एक पुस्तक लायब्ररीत केमिस्ट्रीच्या रॅकमागे लपवून ठेवलं होतं. कार्डावर दोन पुस्तकं आधीच होती आणि परीक्षा तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी ते मलाच सापडलं नाही, ती गोष्ट वेगळी! आपल्यातले बरेच जण हा उद्योग करतात, त्यामुळे नावं घेत नाही.

या पापाची आठवण झाली ती गेल्या सुट्टीत. आमच्या भागातल्या एका जुन्या लायब्ररीत महिनाभर काँट्रॅक्टवर काम केलं. काम सोपं होतं. जुन्या रजिस्टरवरून प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, विषय आणि नंबर कॉम्प्युटरवर चढवायचा. पैसे पुस्तकामागे. म्हणजे जितका स्पीड जास्त, तितकी कमाई जास्त. मी दिवसाला शंभरपर्यंत पोचले होते आणि मनातल्या मनात नव्या मोबाईलचा हिशोबही सुरू झाला होता.

एक दिवस एक आजोबा आले. त्यांना विहिरींवरचं एक जुनं पुस्तक हवं होतं. मी सर्च केलं, कॉम्प्युटर म्हणाला नाही. मीही नाही म्हणून सांगितलं. आजोबा छत्री उचलून गेले. तीन दिवसांनी तेच पुस्तक मला कपाटात दिसलं. एंट्री मीच केली होती. फक्त विहीर लिहिताना ही पहिली केली होती! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं भांडण आहे, पण त्याचा फटका दुसऱ्या कुणाला बसेल असं कधी वाटलं नव्हतं. पुस्तक कपाटात होतं, वाचणारा दारात आला होता, आणि मधे माझी एक वेलांटी आडवी आली.

तिथल्या ग्रंथपाल मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एक जाडजूड चरित्र माझ्यापुढे ठेवलं. ते होतं डॉ. रंगनाथन यांचं. त्यांचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. आता वाटतं, प्रत्येक इंजिनिअरिंगवाल्याने ते ऐकायला हवं. का, ते पुढे सांगते.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावचा. वडील लहानपणीच गेले. मुलगा हुशार, पण बोलताना अडखळायचा. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून त्यांनी गणितात एम.ए. केलं आणि १९१७ पासून ते मास्तरकीत शिरले. आधी मंगळूर, मग कोइमतूर आणि शेवटी मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज. अडखळत बोलणाऱ्या माणसाने रोज वर्गापुढे उभं राहायचं ठरवलं, यावरूनच स्वभाव कळतो. पुढे त्यांनी या दोषावर बरीच मात केली. शिकवणं त्यांना मनापासून आवडत होतं. आवडत नव्हता तो पगार!

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल नेमायचा होता. पगार प्राध्यापकापेक्षा चांगला. मित्रांनी आग्रह केला म्हणून रंगनाथन यांनी अर्ज टाकला. सुमारे ९०० अर्ज आले होते असं सांगतात. लायब्ररी चालवण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. इंटरव्ह्यूच्या आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला एक लेख वाचला, एवढीच तयारी. (वाचून बरं वाटलं ना? व्हायवाच्या आदल्या रात्रीची आपली तयारी याहून वेगळी नसते!) गणितातल्या संशोधनाच्या जोरावर निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते खुर्चीत बसले.

आणि काही दिवसांतच कंटाळले. वर्गभर पोरांमध्ये रमणारा माणूस एका शांत खोलीत, धुळीच्या पुस्तकांत एकटा बसला होता. ते सरळ प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्रिन्सिपॉलकडे गेले आणि जुनी नोकरी परत मागितली. शेवटी तडजोड ठरली. विद्यापीठ लायब्ररीचं शिक्षण घ्यायला लंडनला पाठवणार होतंच, तर आधी तिकडे जाऊन यावं. परतल्यावरही मन लागलं नाही तर गणिताची जागा आहेच.

मित्रांनो, आपल्यापैकी किती जण हव्या त्या ब्रँचला आहेत? सी.ई.टी.चे मार्क, कॅप राऊंड, घरच्यांचा आग्रह, यातून जे मिळालं ते आपण घेतलं. म्हणून मला या माणसाची गोष्ट जवळची वाटली. ज्यांना आज भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात, ते पगारासाठी आले होते आणि पहिल्याच महिन्यात पळून चालले होते.

लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथालयशास्त्राच्या शाळेत त्यांना सेयर्स नावाचे शिक्षक भेटले. ते क्रॉयडनच्या सार्वजनिक लायब्ररीचे प्रमुखही होते. रंगनाथन यांनी तिकडच्या शंभराहून अधिक लायब्रऱ्या पाहिल्या. तिथे साधी माणसं, लहान मुलं, कामगार बिनधास्त कपाटापर्यंत जाऊन पुस्तकं हाताळत होती. आपल्याकडे तेव्हा पुस्तकं जपायची म्हणजे कुलपात ठेवायची, अशी समजूत. लायब्ररी म्हणजे गोदाम नव्हे, हे त्यांना तिथे दिसलं.

पण गणितवाल्याच्या डोक्याला एक किडाही लागला. अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडून दशांश पद्धत काढली होती. आपल्या लायब्ररीत पुस्तकाच्या पाठीवर जो नंबर असतो तो हाच. ६२१.३ म्हणजे इलेक्ट्रिकल, ६२४ म्हणजे सिव्हिल. पद्धत सोपी, पण अडचण अशी की विषयांच्या जागा आधीच ठरलेल्या. एखादं पुस्तक तीन विषयांच्या सांध्यावर असेल तर ते कुठल्या तरी एकाच खणात कोंबावं लागतं. आणि भारतातल्या धर्म, भाषा, तत्त्वज्ञान यांच्या वाट्याला तर फारच थोडी जागा आली होती.

उत्तर सापडलं ते वर्गात नव्हे, दुकानात! लंडनच्या सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात एक विक्रेता मेकॅनोचा खेळ दाखवत होता. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, पण जोडणी बदलली की कधी क्रेन, कधी गाडी. रंगनाथन यांना वाटलं, विषयही असेच का जोडू नयेत? आधी खण तयार करून त्यात पुस्तक कोंबण्यापेक्षा विषयाचे सुटे भाग करावेत आणि पुस्तक हातात आल्यावर त्याचा नंबर जुळवावा. भाग जोडायला नट-बोल्टच्या जागी त्यांनी अपूर्णविरामाची खूण घेतली, म्हणजे कोलन. म्हणून ती कोलन पद्धती. १९२५ मध्ये बोटीने परत येताना त्यांनी बोटीवरची लायब्ररीच या पद्धतीने लावून पाहिली. आपल्या भाषेत, प्रोटोटाईप टेस्टिंग!

पुढे त्यांनी प्रत्येक विषयाकडे पाहायच्या पाच बाजू ठरवल्या : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. समजा पुस्तक १९५० नंतरच्या दशकात भारतात फुप्फुसांच्या क्षयावर झालेल्या उपचारांबद्दल आहे. तर वैद्यक हा मुख्य विषय, मग फुप्फुस, क्षय, उपचार, भारत आणि ते दशक, असे तुकडे क्रमाने जोडायचे. नंबर वाचूनच पुस्तकात काय आहे ते कळतं. आज ऑनलाईन खरेदी करताना आपण ब्रँड, किंमत, साईझ असे वेगवेगळे फिल्टर लावतो. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहायच्या या विचाराची पक्की मांडणी रंगनाथन यांनी कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी केली. कोलन वर्गीकरणाचं पुस्तक १९३३ चं आहे.

परत आल्यावर गणिताच्या नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मद्रास विद्यापीठाची कपाटं वाचकांसाठी खुली केली, लायब्ररीच्या वेळा वाढवल्या, आलेल्याला हवं ते शोधून देणारी माणसं नेमली. १९२८ मध्ये मद्रास लायब्ररी असोसिएशन सुरू केली. ते रोज तेरा-तेरा तास काम करत, आणि जवळजवळ वीस वर्षं त्यांनी सुट्टी अशी घेतलीच नाही, असं सांगतात.

त्याच १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची पत्नी रुक्मिणी अपघातात गेली. त्यानंतरच्याच महिन्यात त्यांनी आपले पाच नियम लोकांपुढे मांडले. पुढच्या वर्षी त्यांचं दुसरं लग्न शारदा यांच्याशी झालं, आणि १९३१ मध्ये नियमांचं पुस्तक आलं. न्यूटनच्या नियमांसारखेच हे नियमही दिसायला अगदी साधे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, पुस्तक शोभेसाठी नसून वापरासाठी असतं. कुणीही आला तरी त्याच्यासाठी काहीतरी असायला हवं. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटायला हवा. आलेल्या माणसाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि लायब्ररी वाढत राहते, हे धरूनच तिची रचना करायला हवी. १९३१ मध्येच मन्नारगुडी भागात बैलगाडीतून गावोगाव पुस्तकं जाऊ लागली, तीही याच चळवळीतून.

१९३४ मध्ये त्यांनी कॅटलॉग कसा करायचा याचे नियम लिहिले. इथे एक गंमत आहे. लेखकाचं नाव कशाखाली नोंदवायचं? आपल्या मराठीत आडनावाखाली. पण खुद्द रंगनाथन यांच्या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे स्वतःचं नाव. आडनाव नाहीच! इंग्लंडचे नियम इथे चालत नव्हते, म्हणून भारतीय नावांचा विचार करणारे नियम त्यांना बनवावे लागले. एक नाव चुकलं की माणूस हरवतो, हे त्यांना घरातूनच माहीत असणार.

पुढे विद्यापीठातल्या वरिष्ठांशी पटेनासं झाल्याने त्यांनी मद्रास सोडलं. वीस वर्षं उभं केलेलं काम मागे टाकून जाताना ते मनाने फार खचले होते. मग बनारस हिंदू विद्यापीठाने बोलावलं. तिथे १९४५ ते १९४७ या काळात त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण आणि सूचीकरण जवळजवळ एकट्याने केलं. मी कॅल्क्युलेटर काढला. दोन वर्षांत एकही सुट्टी न घेता दिवसाला १३७ पुस्तकं! मी जुने नंबर नुसते उतरवूनही शंभरावर थकत होते. ते तर प्रत्येक पुस्तक उघडून, त्याचा विषय ठरवून नंबर बांधत होते. वय त्रेपन्नच्या पुढे. देशात नाव झालेला हा माणूस, पण ज्या कामाला आपण कारकुनी म्हणतो ते त्याला खालचं वाटलं नाही.

पुढचं थोडक्यात. काही वर्षं दिल्ली विद्यापीठ, मग झुरिच, मग उज्जैन. देशात लायब्ररीचे कायदे व्हावेत म्हणून ते झटले. पहिला कायदा आपल्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला होता. स्वतंत्र भारतातला पहिला मद्रासचा, १९४८ चा, त्यामागे रंगनाथन होते. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये आला. त्यांना १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूरला दस्तऐवजशास्त्राचं प्रशिक्षण केंद्र काढलं, १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी, आणि त्या पदाला नाव दिलं पत्नी शारदा यांचं. जे पगारासाठी आले होते, त्यांनी साठवलेलं शेवटी त्याच कामाला परत दिलं. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला ते गेले.

खरं सांगायचं तर कोलन पद्धती आज फार थोड्या लायब्रऱ्यांत वापरतात. ती अवघड आहे, नंबर लांबलचक होतात. आपल्याकडेही ड्यूईच आहे. पण जगभर वर्गीकरणाचा विचार करणाऱ्यांना रंगनाथन यांच्याकडे यावंच लागतं. आणि भारतात १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठीच.

चरित्र संपवलं आणि मी माझ्या दोन हजार एंट्र्या पुन्हा तपासायला बसले. चार संध्याकाळी गेल्या. शब्दकोश शेजारी ठेवला होता. त्रेचाळीस चुका निघाल्या. त्या दुरुस्तीचे पैसे मिळाले नाहीत, काँट्रॅक्टमध्ये तसं काही नव्हतंच. मोबाईलही राहिला. ते आजोबा परत आले नाहीत. पण आले तर विहीर आता दीर्घ आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढंच सांगायचंय. सबमिशनच्या आठवड्यात पुस्तक लपवायचा मोह झालाच तर एकदा बनारसच्या त्या माणसाला आठवा. एकेका पुस्तकाला पत्ता देत त्याने दोन वर्षं काढली. आपण तो एका मिनिटात पुसतो.

आणि हो, एम-वनचं ते पुस्तक केमिस्ट्रीच्या रॅकमागे, सगळ्यात खालच्या खणात सापडलं. मागच्या आठवड्यात जागेवर ठेवलंय. ज्याला हवं असेल त्याने खुशाल न्यावं!