तुरुंग चालेल, पण नांदायला जाणार नाही! रखमाबाईंनी दिला होता सरकार दरबारी लढा
रखमाबाईंची आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी बाळंतीण झाल्या अन् सतराव्या वर्षी विधवा. तरीही लेकीचं लग्न अकराव्या वर्षीच उरकलं. लग्नानंतर रखमाबाई मुंबईत सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकल्या. बायकोला नांदायला पाठवा म्हणून पती दादाजी भिकाजी कोर्टात गेले. मार्च १८८७ मध्ये आदेश निघाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. न कळत्या वयात लावलेलं लग्न मान्य नाही म्हणत त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. खुद्द टिळकही त्यांच्या विरोधात होते. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटलं. नंतर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरत अन् राजकोटला वर्षानुवर्षं बायाबापड्यांवर उपचार केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे हा खटलाही होता. त्यात शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून वाढवलं. पण किती? अवघं १२!