वॉल्डेमार हाफकिन : मेलेल्या जिवाणूपासून लस बनवणारे शास्त्रज्ञ

मुंबईत परळला असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेल. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगचे जिवाणू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही प्रथम स्वतःच घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात ती स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली गेली.

मेलेला जिवाणू संरक्षण कसे देतो, असा प्रश्न तुम्हाला पडेल. आपली रोगप्रतिकारशक्ती जिवाणूला मुख्यतः त्याच्या बाहेरच्या भागावरून ओळखते. तिथली प्रथिने आणि इतर घटक एकदा ओळखीचे झाले, की शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार करते. पुढे जिवंत जिवाणू शिरला, तर त्या त्याला चिकटतात आणि पांढऱ्या पेशी त्याचा नाश करतात.

हाफकिन यांच्या लसीत अख्खा जिवाणू असे, त्यामुळे ताप आणि सूज बरीच येई. आता नेमके भाग निवडता येतात. मेनिंगोकोकस-बी या मेंदूज्वराच्या जिवाणूवरील लसींत त्याच्या बाह्य आवरणावरची मोजकी प्रथिने वापरली जातात.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात बाटली उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे पुराव्यांवरून दिसले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त होऊन भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

लस घेतल्यावर एक-दोन दिवस बारीक ताप आला किंवा दंड दुखला, तर घाबरू नका. शरीर जिवाणूची ओळख करून घेत असते. ताप आला नाही, तरी लस काम करते. मात्र खूप ताप, अंगावर गांधी किंवा श्वासाला त्रास असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.