इरावतीबाईंचं सासर-माहेर

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात एक सासूबाई तक्रार घेऊन आल्या. मुलाला इकडे मुलगी मिळेना, म्हणून मध्यस्थामार्फत बुंदेलखंडातली सून आणलेली. कामाला चांगली, पण घुमी! सासरे ओट्यावर आले की तोंडावरून पदर ओढून पाठ फिरवते, चारचौघांत बसत नाही, विचारलं तर मान हलवते. आमच्या घराचा तिला तिटकारा आहे, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. खरं सांगते, मैत्रिणींनो, मलाही आधी तसंच वाटलं. मग घरी आल्यावर कॉलेजात असताना वाचलेल्या इरावतीबाई कर्वे आठवल्या.

इरावतीबाई आपल्याला माहीत आहेत त्या 'युगान्त'मुळे. महाभारतातल्या माणसांवरच्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांचं आयुष्यभराचं काम होतं मानवशास्त्राचं. माणसं अशी का वागतात, इथली बाई तशी आणि तिथली अशी का, याचा शोध त्या घेत राहिल्या.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, तोही ब्रह्मदेशात. वडील, गणेश हरी करमरकर, तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचं, इरावतीचं नाव मुलीला ठेवलं. सातव्या वर्षी पोर पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्या आईनं, म्हणजे रँग्लर परांजप्यांच्या पत्नीनं, इरूला आपल्याच घरी मुलीसारखं ठेवून घेतलं. हे घर देवधर्म न मानणारं, पुस्तकांचं, वादविवादाचं. आपल्या आईवडिलांच्या घरापेक्षा सगळंच निराळं! एका लहान मुलीला भाषा, जेवण, देवघर, बोलण्याची रीत सगळं बदलून पाहावं लागलं. पुढच्या अभ्यासाचं बी इथेच पडलं असावं, असं मला वाटतं.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली त्या बी. ए. झाल्या, मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या. लग्न झालं दिनकर कर्व्यांशी. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, १८९३ साली स्वतः विधवेशी पुनर्विवाह करणारे, महिला विद्यापीठ उभारणारे. तरीही सुनेनं शिकायला जर्मनीला जावं, हे त्यांना पसंत नव्हतं. सुधारकाच्या घरीसुद्धा सुनेसाठी उंबरठा असतोच की! दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी ठाम राहिले आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तिथले त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते. गोऱ्या युरोपियन माणसाची बुद्धी वरचढ, आणि त्याचा पुरावा कवटीच्या ठेवणीत सापडतो, असं त्यांचं म्हणणं. इरावतीबाईंनी शंभराहून जास्त कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं, की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर अवलंबून नाही. परक्या देशात, पंचविशीतली बाई, पदवी त्याच गुरूच्या हातात! मला तर नुसतं वाचूनच धडकी भरते.

परत आल्यावर काही वर्षं मुंबईला महिला विद्यापीठात रजिस्ट्रार, आणि १९३९ पासून शेवटपर्यंत पुण्याचं डेक्कन कॉलेज. तीन मुलं पदरात. मुलं आईला नावानं हाक मारत, त्या नवऱ्याला दिनू म्हणत, कुंकू-मंगळसूत्र वापरत नसत, आणि पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांतल्या त्या एक. हे सगळं लोकांना फार आठवतं. पण त्या गावोगाव हिंडल्या, बायकांशी बोलल्या, नात्यांचे शब्द गोळा करत राहिल्या, ते मात्र आपण विसरतो.

त्यातून १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात आपल्या रोजच्या जगण्यातलं केवढं तरी आहे. उत्तरेकडे मुलगी गावात देत नाहीत, जवळच्या नात्यात तर नाहीच. दूरच्या, कधी न पाहिलेल्या घरात ती जाते. सासरे, मोठे दीर यांच्यासमोर पदर तोंडावर, आवाज नाही. तोच तिथला मान ठेवणं. लेक वेगळी, सून वेगळी. कितीतरी ठिकाणी बाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.

दक्षिणेत उलट. मुलगी आत्याच्या किंवा मामाच्या घरीच पडते, कुठे कुठे तर सख्ख्या मामालाच देतात. जिच्या अंगाखांद्यावर खेळली तीच सासू. कानडीत आत्या आणि सासू या दोघींनाही अत्ते म्हणतात. मग पदर कुणापुढे ओढायचा? केरळात नायर घरांतली बाई पूर्वी आईचं घर सोडतच नसे, नवराच भेटीला येई. तिथे सासुरवास हा शब्द कळणार तरी कसा!

आणि आपण? इरावतीबाई म्हणत, महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावर आहे. आपली भाषा उत्तरेच्या कुळातली, पण मामाची मुलगी करण्याची चाल दक्षिणेसारखी. खेड्यापाड्यांतून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणतात, ते उगाच नाही. दक्षिणेकडे सगळं गोडच होतं, असं मात्र समजू नका. वयानं दुप्पट मामाच्या गळ्यात भाचीला बांधणं हा काही न्याय नव्हे, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांचे धोके डॉक्टर आता सांगतातच. पुढच्या अभ्यासकांनी इरावतीबाईंच्या काही मतांवर टीकाही केली. पण ज्याला आपण बाईचा स्वभाव म्हणतो, त्यात तिच्या मुलुखाची रीत किती आहे, हे त्यांनी नावानिशी दाखवलं.

स्वतःच्या माणसांकडेही त्यांनी असंच पाहिलं. पंढरीच्या वारीत पायी चालल्या. तोंडी अभंग एकच, पण ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी, हे त्यांना सहन होईना. त्या दोन्हीकडे जेवल्या आणि पुढे त्यावर लिहिलं. 'परिपूर्ती' हा त्यांचा लेख तर प्रत्येकीनं वाचावा. सभेत त्यांची ओळख अमक्याची सून, तमक्याची बायको अशी करून दिली. काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहिलं. रस्त्यात शाळेतल्या पोरांनी आपल्या मित्राची आई म्हणून ओळखलं, तेव्हा कुठे ओळख पुरी झाली! एवढी शिकलेली बाई, पण नात्यांच्या बाहेर काही ती उभी नव्हती. याचा काहींना राग येतो, मला येत नाही.

शेवटच्या वर्षांत लेक जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

यातलं मला जमेल तेवढं मी त्या सासूबाईंना सांगितलं. तुमची सून रागावलेली नाही, तिच्या रीतीनं ती तुमचा मान ठेवतेय, आणि आईचं घर शेकडो मैल लांब पडलंय. त्यांना कितपत पटलं कोण जाणे. बराच वेळ गप्प बसल्या. पुढच्या आठवड्यात सुनेलाच घेऊन आल्या. माझ्यासमोर तिला विचारलं, तुझ्या गावाला जायला गाडी कुठून लागते गं? सुनेनं पदर थोडा मागे सारला आणि दोन गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून सांगितलं.