यंत्राचे अंतरंग जाणणारा ॲलन ट्यूरिंग

माणसाचा स्वभाव त्याच्या एखाद्या कृतीवरून कळत नाही. ती कोणत्या प्रसंगी घडली हेही पाहावे लागते. यंत्राच्या बाबतीतही असेच आहे, हे गणिताच्या भाषेत मांडणाऱ्या ॲलन ट्यूरिंगचे चरित्र विद्यार्थ्यांनी मनन करावे असे आहे.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्या घरी, असे त्याचे बालपण गेले. १९३० साली क्रिस्टोफर मॉर्कम हा त्याचा जिवलग शाळासोबती क्षयाने निवर्तला. या आघातातून सावरून त्याने केंब्रिजला गणिताचा व्यासंग केला.

१९३६ साली त्याने एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. लांबलचक फितीवरील एकेक चिन्ह वाचीत ते चालते. त्याचे पुढचे पाऊल दोन गोष्टींवर ठरते: समोरचे चिन्ह आणि यंत्राची त्या क्षणीची अवस्था. चिन्ह तेच असले तरी अवस्था पालटली की कृती पालटते.

दुसऱ्या महायुद्धात हीच दृष्टी कसोटीस लागली. जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्रातील चक्रे प्रत्येक अक्षरागणिक फिरत; त्यामुळे तेच अक्षर बहुधा दर वेळी निराळे उमटे. पोलंडच्या गणितज्ञांनी त्याची रचना ओळखून १९३९ साली ते ज्ञान इंग्रजांना दिले होते. परंतु चक्रांची मांडणी रोज बदले. नुसत्या अक्षरांकडे पाहून उलगडा होईना. तेव्हा संदेश कोठून, केव्हा आणि कशाविषयी आला असावा, याचा विचार सुरू झाला. हवामानाच्या वृत्तात ठराविक शब्द येणारच! शिवाय एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात उमटत नसे. अशा अटकळींशी विसंगत ठरणाऱ्या मांडण्या भराभर बाद करणारे ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र ट्यूरिंगने योजिले. अटलांटिक महासागरातील कित्येक जहाजे त्यामुळे वाचली.

१९४९ साली त्याने संगणकाची मोठी आज्ञावली टप्प्याटप्प्यावर कशी पडताळावी, हे सांगितले. आज प्रचंड आज्ञावल्या चालत असताना त्यांची प्रत्येक कृती व त्या वेळची परिस्थिती टिपून घेतात आणि त्यांवरून वर्तनाचा आराखडा काढतात. कृतीच्या नोंदीतून लपलेली अवस्था ओळखण्याचीच ही रीत होय.

ज्याने राष्ट्र वाचविण्यास हातभार लावला, त्याला राष्ट्राने मात्र ओळखले नाही. समलिंगी संबंध तेथे तेव्हा गुन्हा मानला जाई. त्यासाठी १९५२ साली त्याला शिक्षा झाली. ७ जून १९५४ रोजी विषबाधेने त्याचा अंत झाला; वयाची ४२ वर्षेही पुरी झाली नव्हती. ब्रिटिश सरकारने २००९ साली क्षमा मागितली आणि २०१३ साली राणीने त्याला माफी दिली.

यंत्राचा निवाडा करतानाही परिस्थिती ध्यानी घ्यावी लागते. मग माणसाचा निवाडा करताना किती अधिक! ट्यूरिंगच्या आयुष्याने हा बोध फार मोठी किंमत देऊन आपल्या हाती ठेवला आहे.